चिंध्यांसाठी नवं कापड

घरातला शर्ट जुना कधी झाला हे ठरवायचा अधिकार ज्याच्या अंगात तो शर्ट आहे त्याचा असतो, अशी पुरुषांची एक भाबडी समजूत असते. गोधडी शिवणाऱ्या बाईशी संसार मांडला की ती दोन-तीन पावसाळ्यांत जाते. "कॉलर विरली हो तुमची," असं सकाळी चहाबरोबर ऐकू आलं की ओळखावं, ही शर्टाची विचारपूस नव्हे, वारसाहक्काची नोंद आहे. त्या फिक्या निळ्या चौकडीसाठी गोधडीतली डाव्या कोपऱ्याची जागा केव्हाच राखून ठेवलेली असते. शर्ट ऑफिसात जातो, बसमध्ये घामेजतो, मीटिंगला बसतो, आणि इकडे घरी मनातल्या मनात त्याचे भाग पाडून झालेले असतात. पाठ सलग, ती आधी. बाह्या नंतर. खिसा उसवून वेगळा ठेवायचा, कारण खिशाखालचं कापड कोरं निघतं. उन्हानं न उडालेला मूळ रंग फक्त तिथंच सापडतो.

ही नजर एकदा लागली की जात नाही. लग्नाला गेलं तरी लक्ष अक्षतांकडे नसतं, पुढच्या खुर्चीवरच्या बाईंच्या इरकलीवर असतं. रंग पक्का आहे का, पोत मऊ पडलाय का, आणि बाईंचा स्वभाव साडी वर्षानुवर्षं नेसण्याचा आहे की दोनदा नेसून देऊन टाकण्याचा, या तिन्ही गोष्टींचा अंदाज मंगलाष्टकं संपायच्या आत घ्यावा लागतो. आमच्या जाऊबाई तर एका सत्यनारायणाला यजमानीणबाईंनाच विचारून आल्या, "या साडीचं पुढं काय करायचं ठरवलंय?" पोथीतल्या साधुवाण्याची नौका तेव्हा अजून बुडायची होती.

मुळात हा सगळा गरजेचा मामला. लुगडं विरलं की जुनेर झालं, जुनेर नेसवेनासं झालं की गोधडीत गेलं. कुठं तिला गोधडी म्हणतात, कुठं वाकळ. बाळापुरती केली की तीच दुपटं होते. वर-खाली दोन जुनेरं, मध्ये घरात जे जे म्हणून सुती आणि निकामी झालंय ते सगळं. माजघरात पसरायचं, सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्यानं भरलेला तांब्या आणि शेजारचं एखादं रिकामटेकडं पोर ठेवायचं, आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत जाते. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. गाडगेबाबा ठिगळांचं पांघरूण अंगावर घेऊन हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. म्हणजे वस्तू संतांच्या खांद्यापर्यंत पोचलेली होती. बुटीकपर्यंत ती आता आता आली.

हिशेब करायचाच तर असा होतो: गोधडी साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब, इंचाइंचावर एक ओळ. झाली ५,४०० इंच शिवण, म्हणजे १५० वार. इंचाला तीन टाके धरले तर १६,२०० टाके. हा हिशेब शिवायला बसण्याआधी करू नये. आमच्या आज्या करत नसत, म्हणून तर गोधड्या झाल्या.

आणि तरी त्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कुठल्याही घरकामात नाही. हात गुंतलेले, तोंड मोकळं. फोन वाजला तरी उचलता येत नाही आणि त्याबद्दल कुणी दोष देत नाही. त्यात दोघी-तिघी चार बाजूंना बसल्या असतील तर गोधडीचा आकारच संभाषणाला वळण लावतो. कडेच्या फेऱ्या चालू असतात तेव्हा एकमेकींमध्ये चांगलं दोन हातांचं अंतर असतं, त्यामुळे विषयही चारचौघांत बोलण्यासारखे: पाऊस, कांद्याचे भाव, कुणाच्या मुलाला कुठं प्रवेश मिळाला. चौकोन लहान होत जातो तशी डोकी जवळ येतात आणि आवाज खाली येतो. मधल्या वीतभर जागेत सुया पोचतात तेव्हा घटस्फोट, दागिन्यांची वाटणी आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं खरं प्रकरण यांचा निकाल लागतो. जुन्या गोधड्यांच्या मध्यभागी टाके इतके दाट का, हे वस्त्रकलेच्या अभ्यासकांनी एकदा या बाजूनं तपासून पाहायला हरकत नाही.

या उद्योगात आमची खरी प्रतिस्पर्धी म्हणजे बोहारीण. जुने कपडे द्या, भांडं घ्या, हा तिचा सरळ व्यवहार. आणि कपड्यांच्या ढिगावरून फिरणारी तिची नजर नेमकी आमचीच. म्हणून तिच्यापुढं काय टाकायचं याची वाटाघाट दारात होण्याआधी घरात होते. सुती ते आत, बाकीचं बाहेर. ती टेरिकॉटच्या पँटी बाजूला सारून मान लांब करून विचारते, "आन् ताई, ते कपाटाखालचं बोचकं?"

"ते नाही."

"मंग पातेलं न्हाई व्हायचं. चाळणी घ्या."

गोधडी शिवणाऱ्यांच्या घरी चाळण्या फार असतात.

टेरिकॉटचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्या कापडानं परटाला विश्रांती दिली आणि गोधडीचा वंश बुडवला. १९७० च्या आसपास घरोघर नायलॉनच्या साड्या आणि टेरिकॉटचे शर्ट आले. ते घाम शोषत नाहीत, सुईखालून निसटतात, आणि मुख्य म्हणजे फाटत नाहीत. ज्या कापडाला मरण नाही त्याची गोधडी कशी होणार? सुती साडी प्रत्येक धुण्यागणिक थोडी थोडी शरण येते. आमच्या सासऱ्यांची एक तपकिरी पँट मात्र त्यांच्या पश्चात इतकी वर्षं झाली तरी इस्त्रीच्या घडीसकट शाबूत आहे. चाळणीलाही तिला कुणी घेतलं नाही.

तर घरात चिंध्या उरल्या नाहीत, हौस मात्र उरली. यावर आमच्या पिढीनं जो तोडगा काढला तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात जायला हवा: दुकानातून नवं, कोरं, चांगलं कापड आणायचं, आणि त्याच्या चिंध्या करायच्या.

मॅचिंग सेंटरमधल्या माणसाला हे समजावणं सोपं नाही. तो जन्मभर अस्तर आणि ब्लाउजपीस या दोनच प्रश्नांना उत्तरं देत आलेला असतो.

"किती देऊ?"

"पाव मीटर."

"कशातलं?"

"सगळ्यातलं. हे, ते, वरच्या फळीवरची मोरपंखी, आणि त्याच्या मागं दडलेली ती ठिपक्यांची."

"पाव मीटरमध्ये बाई ब्लाउज बसत नाही."

"ब्लाउज नाही करायचा. कापून तुकडे करायचेत."

तो गल्ल्यावरच्या वडिलांकडे बघतो. वडील चष्मा कपाळावर घेतात आणि मानेनं 'दे' म्हणून खुणावतात. त्यांनी जग पाहिलेलं असतं.

दुसरी खाण म्हणजे ओटीचे ब्लाउजपीस. ब्लाउजपीस हे आपल्याकडे कापड नसून चलन आहे. हळदीकुंकवात एका घरातून निघालेला जांभळा पीस डोहाळजेवण, मुंज, मंगळागौर असा फिरत फिरत तीन वर्षांनी मूळ मालकिणीच्या ओटीत परत येतो, घडी न मोडता. गोधडीवाल्या बायकांनी ही घडी मोडली. आमच्या सोसायटीत चौघींनी एकाच हिवाळ्यात शिवायला घेतलं, तेव्हा चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत बाजारातलं चलन इतकं आटलं की बायकांना खरोखरचे नवे ब्लाउजपीस विकत आणावे लागले. अजून काही घरांत याबद्दल आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

सोसायटीतल्या एक काकू वर्षातले सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला असतात. त्यांनी तिकडून पट्टी, हिरवी चटई आणि फिरत्या पात्याचा कटर आणला, आणि त्याबरोबर शिस्तही. पाव इंच माया म्हणजे पाव इंचच, पाव इंच आणि एक दोरा नव्हे. तिकडं तुकडे जोडायच्या नमुन्यांना नावं आहेत. ओंडक्यांची झोपडी आहे, उडती बदकं आहेत, आणि नागमोडी जाणारा एक 'दारुड्याची वाट' म्हणून आहे. दिसतो अतिशय सुरेख. काकूंनी तोच नमुना जोडून एका वास्तुशांतीला भेट दिला आणि, शिक्षिकेचा पेशा असल्यामुळे, नावासकट समजावून सांगितला. घरधन्यानं गोधडी हातात घेतली. त्याच्या बायकोनं ती त्याच्याकडे बघत हळूच काढून घेतली. त्या दिवसापासून काकू नमुन्यांची नावं सांगत नाहीत.

एक राग मात्र मी लपवणार नाही. हल्ली बाजारात चादरी मिळतात, त्यांच्यावर गोधडीचे तुकडे छापलेले असतात. सलग कापड, आणि त्यावर ठिगळांचं चित्र; वर टाक्यांचंही चित्र. नवं कापड कापून जोडणाऱ्या आम्ही वेड्या असू, पण निदान प्रामाणिक वेड्या आहोत.

मशीनचं प्रकरण आणखी रंगतदार. गांधीजींचं यंत्रांबद्दलचं मत सर्वांना माहीत आहे. पण १९२४ साली त्यांना याविषयी छेडलं गेलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला खुशाल सूट देऊन टाकली. बायको हातानं शिवताना शिणते हे पाहून तिच्या प्रेमापोटी सिंगरनं ते तयार केलं, असं त्यांनी सांगितलं. महात्म्याच्या हाती सिंगरचं चरित्र पडलं नसावं. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकवाला. १८५१ साली त्यानं पेटंट घेतलं खरं, पण टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची घट्ट टीप ही युक्ती एलियस हाउच्या १८४६ च्या पेटंटात आधीच होती. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. संसाराचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये त्याचे निरनिराळ्या नावांनी निरनिराळे संसार एकाच वेळी चालू होते, आणि पोरांची संख्या विसाच्या वर होती. १८६० मध्ये एकीनं त्याला दुसरीबरोबर घोडागाडीतून जाताना पाहिलं, भर रस्त्यात तमाशा झाला आणि त्यानं युरोपची वाट धरली. तेव्हा बायकोच्या प्रेमापोटी हे मान्य, पण कुठल्या, हे गांधीजींना कुणी विचारलं नाही. एवढ्या पोरांची झबली हातानं शिवून होणारच नव्हती, एवढं सिंगरच्या बाजूनं म्हणता येईल.

त्याच्या भागीदारानं, एडवर्ड क्लार्कनं, १८५० च्या दशकात हे मशीन हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. म्हणजे हौस आज घरात आणि पैसे पुढच्या महिन्यापासून, ही सोय शिवणकामानंच जगाला शिकवली म्हटलं तरी चालेल. त्याआधी फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्यानं भरतकामाच्या आकड्यावरून साखळी टाक्याचं मशीन काढलं होतं, १८३० साली. पॅरिसमध्ये तो त्यावर सैन्याचे गणवेश शिवू लागला. पुढच्याच वर्षी चिडलेल्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून मशिनं मोडून टाकली. पोटावर पाय येईल म्हणून मोडली, असं इतिहास सांगतो. पण रात्री साडेअकराला शेजारच्या खोलीत आमची टीप चालू असते तेव्हा आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यावरून मला वाटतं, निदान काही जण केवळ आवाजासाठी गेले असावेत.

पायमशीनवर गोधडी शिवणं हा सांघिक खेळ आहे. सोळा नंबरची सुई काढून अठरा नंबरची घालायची, गोधडीची वळकटी करायची आणि ती मशीनच्या मानेखालच्या हातभर फटीतून पलीकडं काढायची. एकीनं ढकलायचं, एकीनं ओढायचं, आणि तिसरीनं "सुई मोडेल हं" म्हणत राहायचं. मोडतेच. मग तिसरी "मी म्हटलं होतं" म्हणते. हे काम बाकीच्या दोघींपैकी कुणालाही येत नाही.

भरतकामाला तर आपल्याकडं एक काळ लग्नाच्या बाजारात भाव होता. मुलगी बघायला मंडळी आली की पोह्यांच्या आधी कपाट उघडायचं. टीव्हीचं कव्हर, रेडिओचं कव्हर, फ्रिजच्या मुठीचंही कव्हर. 'वेलकम' लिहिलेली फ्रेम, खाली दोन राजहंस, माना जुळवून. आणि अभ्र्यांवर गाठीच्या टाक्यात 'स्वीट ड्रीम्स'. "हे सगळं तिनंच केलंय," असं मुलीची आई म्हणायची. त्यातले राजहंस बऱ्याचदा थोरल्या बहिणीच्या वेळचेच असायचे, पण तिकडच्या मंडळींनीही असेच राजहंस दाखवून मुली उजवलेल्या असल्यामुळे कुणी खोलात शिरत नसे.

खोलात शिरायच्या त्या फक्त आमच्या आत्याबाई. त्या कुठलंही भरतकाम हातात घेतात ते उलटं करूनच. समोरची बाजू त्यांच्या लेखी जाहिरात आहे. त्यांचं माहेर धारवाडकडचं, डोळ्यांसमोर कर्नाटकी कशिदा. त्यातल्या गवंती आणि मुरगी टाक्यांत मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, गाठ कुठं दिसता कामा नये. अंबारीचा हत्ती उलटा केला तरी हत्तीच. अशा बाईपुढं आमच्या नणंदेनं नव्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर भरलेला नॅपकिन ठेवला. पुढं झकास गुलाब. आत्याबाईंनी उलटा केला. मागं बॉबिनचा पांढरा दोरा, एका पाकळीतून दुसरीत उड्या मारलेले धागे, आणि कापड ताठ राहावं म्हणून लावलेला कागद अर्धवट फाडलेला.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"तो स्टॅबिलायझर."

"असं का? मला वाटलं, पुडीत बांधून आणलंय."

मशीन मात्र खरोखर विलक्षण आहे. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरची रिंग. जगातलं जे काही तेवढ्यात मावेल ते भरता येतं. डिझाइन पेनड्राइव्हवरून घ्यायचं, बटण दाबायचं, की मिनिटाला चारशे टाके. चांगला भरीव गणपती सोळा हजार टाक्यांचा असतो. म्हणजे सबंध गोधडीत आमच्या आजीनं हिवाळाभर जेवढे टाके घातले, तेवढे तळहाताएवढ्या गणपतीत चाळीस मिनिटांत पडतात. या चाळीस मिनिटांत बाईचं काम एवढंच, की मशीन टुंईटुंई करून थांबलं की केशरी काढून पिवळा दोरा ओवायचा. मालकीण कोण आणि हाताखालची कोण याचा घोळ होतो. पण बघत बसण्यात जी गंमत आहे ती शब्दात सांगता यायची नाही. आधी काहीच कळत नाही, नुसत्या रेघा. मग एकदम कान फुटतो, मग दात. आमचे हे क्रिकेट बंद करून स्टूल ओढून बसतात आणि "आता मोदक येईल" म्हणतात.

अशाच एका गणपतीची सोंड अर्धी झालेली असताना वीज गेली. त्याचं मशीनला काही नसतं. वीज आली की कुठल्या टाक्यावर थांबलो होतो ते त्याला आठवतं, आणि पुढं चालू होतं. मशीन बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केलाय, फक्त आत्याबाईंचा केला नाही. दरम्यानच्या अंधारात त्यांनी टॉर्च लावून, कापड रिंगेतून सोडवून, मागची बाजू बघून, होतं तसं परत बसवून ठेवलं होतं. त्या गणपतीची सोंड मध्येच बोटभर उजवीकडं सरकून पुढं जाते. कडक असतो म्हणतात उजव्या सोंडेचा, म्हणून कुणी उसवायला धजत नाही.

पुढचा धोका हा, की मशीन एकदा घरात आलं की सपाट असं काहीही सुटत नाही. आधी नॅपकिन, मग अभ्रे, मग जपाची गोमुखी, मग ह्यांच्या बनियनवर आद्याक्षरं. २०२० मध्ये मास्कवर पैठणीचा मोर आला, चोच नाकावर. पायपुसण्यावर कमळ भरलं, तर येणारा प्रत्येक पाहुणा पायपुसणं ओलांडून चिखलाच्या पायांनी आत यायला लागला. कमळावर पाय कसा ठेवणार?

आणि मग द्यायचं कुणाला? नात्यात पाळणा हलला की दुपटं, टोपडं, कुंची हे ठरलेलं. पण नातेवाईक आमच्या वेगानं पोरं काढत नाहीत. दिलेल्या गोधड्यांचं दोनपैकी एक होतं. "इतकी सुंदर आहे की वापरवत नाही," म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट, कपाटात वरच्या कप्प्यात जाते; नाहीतर थेट इस्त्रीच्या टेबलावर. मला विचाराल तर इस्त्रीचं टेबल बरं. तिथं निदान रोज ऊब मिळते.

उरलेला माल जाऊबाई दिवाळीच्या आधी प्रदर्शनात मांडतात. गेल्या खेपेला एक बाई स्टॉलपाशी थांबल्या. गोधडी चाचपली, चुरगाळली, सवयीनं उलटी करून पाहिली.

"हातानं केलीये?"

"हो."

"तरीच टाके जरा वाकडे आहेत. काही कमी करा."

"मग ही बघा, मशीनची आहे. टाका सरळ."

"मशीनची? मग एवढी किंमत कशी? मशीननं तर लगेच होतं."

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. बाईंनी पुन्हा एकदा कापड चिमटीत धरलं. "जुन्या साड्यांचीच ना?"

"नाही हो. सगळं नवं, कोरं कापड. पाव-पाव मीटर आणून कापलंय."

"नवं?" बाईंनी चिमूट सोडली. "मग कापलं कशाला?"

"जोडायला," जाऊबाई म्हणाल्या.

बाई बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या स्टॉलवरून अर्धा किलो भाजणी घेऊन गेल्या.